गोरखच्या पेटीतला आवाज

निरगुडसरच्या सप्ताहात, दोन हजार चार साली, सांजेचं कीर्तन ऐन रंगात आलं आणि लाइट गेली. पंखे थांबले, ट्यूब विझल्या. बुवांचा आवाज मात्र कर्ण्यांतून तसाच घुमत राहिला! टेबलावर गोरखचा जुना 'नादमणी' अँप्लिफायर. त्यातले व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या, अंधारात लालभडक.

"चमत्कार गं बाई!" झुंबरबाईंनी पेटीलाच हात जोडले.

"मंग! थोरल्या कीर्तनकार म्हाराजांचा आवाज मुरलाय हिच्यात," गोरखनं टेचात सांगितलं. "नव्या पेट्या निस्ती डबडी. कंपनीतनं देवच उठून गेला, राव!"

डबडं म्हणजे चांगदेवचं. नादमणीचाच नवा अँप्लिफायर. वडलांपासून सप्ताहाचा कर्णा त्याच्या घरचा. यंदा गावानं नाकारला. आता उद्याच्या काल्याला तो मान कायमचा गोरखला द्यायचं ठरत होतं. चांगदेवचं कसलं अभंगात लक्ष!

"त्याच्या पेटीला नारळ फुटत्यात, माझ्या पेटीला कुत्रं इचारत न्हाई," तो रीनाबाईंपाशी धुमसला. धरमचंद शेठची ही सून हायस्कूलला विज्ञान शिकवायची.

"भाऊ, जळण्यापेक्षा विचार करा. व्हॉल्व्हची जुनी पेटी घरच्या लाइटवर चालते. लाइट गेल्यावर ती गप्प बसायला नको?"

कीर्तन संपलं. लाइट आली नव्हतीच. रीनाबाई दर्शनाला म्हणून पुढं झाल्या आणि त्यांनी व्हॉल्व्हवर तळवा टेकला.

"अगं, भाजशील!"

"भाजायलाच हवं होतं, झुंबरमावशी. चालू व्हॉल्व्ह तापतात, हे तर गारढोण आहेत."

"इटाळला देव!" गोरख ओरडला. तोवर चांगदेवनं टेबलाची चादर ओढली. खाली ट्रॅक्टरची बॅटरी, शेजारी कोरा नवा नादमणी. माइकची वायर थेट त्यात. व्हॉल्व्हमागं लाल बल्ब.

"आरं, ही तर माझ्या डबड्याची सख्खी बहीण!"

गोरखनं मान खाली घातली. "जुनी कवाच जळाली. तुझा मान बघून जीव जळायचा रं माझा."

दुसऱ्या दिवशी काल्याला चांगदेवची पेटी लागली.

मायबापहो, जुन्या नादाच्या नावानं ज्यांनी डोळे पुसले, त्यांनी नवीच पेटी ऐकली होती. नवी जुनीच्या तोडीची आहे का, हे नावावरून नाही, कानानं ठरवा. कीर्तन मनसोक्त ऐका, मीही पहिल्या रांगेत असतो. पण नारळ फोडण्याआधी चादर उचलून बघा. पांडुरंग त्यावर रागावत नाही.