वहिनींना सांगितलेला शेवट

धाकट्याला चित्रपटांचा नाद लावला तो वहिनींनी. त्या लग्न होऊन घरात आल्या तेव्हा तो शाळकरी होता, आईविना वाढलेला, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारा. दादाला चित्रपटाला न्यावं तर नावांच्या पाट्या संपायच्या आत त्याची मान कलंडायची. दोन-तीनदा असं झाल्यावर नव्या नवरीने नवऱ्याचा नाद सोडला आणि दिराचं बोट धरलं.

परतताना रस्ताभर दोघांची जुंपायची. धाकट्याला रडवणारे चित्रपट आवडत. वहिनींना शेवटी सगळं जुळून आलेलं लागे. "तिकीट काढून रडायला कशाला जायचं, भावजी? रडायला घर आहे की," असं म्हणून त्या त्याला गप्प करत. एरवी त्या त्याला 'भावजी' आणि 'तुम्ही' म्हणायच्या. फार राग आला किंवा फार माया आली, तरच अरे-तुरेवर यायच्या.

पुढे धाकटा दातांच्या कवळ्या करायला शिकला. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे, त्यावर तो मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, पुसायचा. लग्नाचं राहूनच गेलं. वहिनी एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर होत्या. दिवसभर कानाला आवाज, संध्याकाळी घर, आणि रविवारी चित्रपट. काय बघावं आणि कशाच्या वाटेला जाऊ नये, हे या दोघांना विचारल्याशिवाय गल्लीतलं कुणी ठरवत नसे. कोपऱ्यावरचे औषधवाले तर पुडी बांधता बांधता विचारायचे, "या आठवड्याला काय घ्यायचं, वहिनी?"

मग वहिनींच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. आधी पडद्याच्या कडा गेल्या, मग मधलं दिसणंही आक्रसत गेलं. पुष्कळ दिवस त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. "हल्ली मेले अंधारातच चित्रपट काढतात," म्हणायच्या. औषधं झाली, शस्त्रक्रिया झाली, आणि एके दिवशी डॉक्टरांनी हात टेकले. घरी आल्यावर वहिनींनी टीव्हीवर फडकं टाकलं. "झालं तेवढं पुरे झालं," म्हणाल्या.

धाकट्याने ते फडकं त्याच रविवारी काढलं.

तो त्यांच्या शेजारी बसून चित्रपट सांगू लागला. पात्रं बोलत असली की गप्प राहायचं, आणि ती गप्प झाली की आपण बोलायचं.

"काय करतोय तो?"

"दार लावून घेतोय."

"रागाने की हळूच?"

"हळूच. कडीचा आवाज होऊ नये म्हणून बोटाने धरून."

"मग तो जाणार घर सोडून," वहिनी म्हणायच्या, आणि तो खरंच जायचा.

आपल्या भाषेतले संपले तशी दोघं परदेशी चित्रपटांकडे वळली. त्यातलं एक अक्षर वहिनींना कळत नसे. धाकटा पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या ओळी मोठ्याने वाचायचा, बाईची बाईसारखी, पोराची पोरासारखी. आतून दादा ओरडायचा, "अरे, त्या म्हाताऱ्याला जरा खोकायला तरी लाव!" वहिनी हसून हसून पुऱ्या व्हायच्या. ते दिवस तसे बरे होते.

धाकटा नवा चित्रपट आधी स्वतः पाहून ठेवायचा. त्या आठवड्यात कवळ्यांचं काम तुंबलं होतं, म्हणून एक तसाच लावला. डोंगरातलं गाव, बर्फ, आणि हरवलेली मुलगी. तिची आई दारोदार फिरते, गावकरी कंदील घेऊन उतारावर पसरतात. वहिनींनी चहाही घेतला नाही. आणि शेवटी चार माणसं एक फळी धरून खाली उतरताना दिसली. फळीवर घोंगडी होती. घोंगडीबाहेर एक हात आला होता.

धाकटा सांगता सांगता थांबला.

वहिनींना एकच मूल झालं होतं. ठकू. कॉलेजच्या सहलीची बस घाटात कोसळली, त्यात ती गेली. त्याला आता कितीतरी वर्षं झाली होती. ठकूचं नाव घरात निघत असे, तिच्या खोड्या निघत, पण त्या दिवसाबद्दल तिघांपैकी कुणी चकार शब्द काढत नसे. पोर दगावलेला चित्रपट या घरात लागत नसे.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं. "कोण येतंय?"

"सापडली, वहिनी," धाकटा म्हणाला. "मेंढपाळाच्या झोपडीत होती. आईला बघून उठून बसली."

पडद्यावर त्या आईने हंबरडा फोडला.

"मग ही अशी का रडतेय?"

"आनंदाने."

वहिनींनी मान त्याच्या बाजूला वळवली. मग पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "बघा, असे काढावेत चित्रपट."

एवढ्यावर मिटलं असतं. पण आवडलेला चित्रपट पोटात ठेवणं वहिनींच्या स्वभावात नव्हतं. दोन दिवसांनी जेवताना त्या सहज म्हणाल्या, "मी घंटीला सांगितलाय हो तो डोंगरातला."

धाकट्याचा घास हातातच राहिला.

घंटी म्हणजे वहिनींची बोर्डावरची मैत्रीण. हसायला लागली की साऱ्या मजल्याला ऐकू जायचं, म्हणून ते नाव पडलेलं. तिचा मुलगा बापाशी भांडून घरातून निघून गेला होता. बाप त्यानंतर वारला, तरी मुलाचा ठावठिकाणा नव्हता. घंटीने माणसांत येणं टाकलं होतं. वहिनी फोन करायच्या तेव्हा हो-नाही एवढंच बोलायची.

"ती नको म्हणत होती," वहिनी सांगत होत्या. "मी म्हटलं, काही झालं तरी मधेच उठू नकोस. शेवट चुकवू नकोस. मुलगी सापडते, म्हटलं. तेव्हा कुठे तयार झाली."

धाकट्याने तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. निदान कामावरून घंटीला फोन करून, बघू नका, एवढं तरी सांगायला हवं होतं. नंबर त्याच्याकडे होता. पण फोन केला की वहिनींना कळणार, आणि वहिनींना कळलं की त्या पुढचं विचारणार. घंटीताई कुठल्या बघतायत, अशी स्वतःची समजूत घालून तो कवळीचे दात घासत बसला.

घंटीने पाहिला. आठवडा गेला तरी तिचा फोन येईना, तेव्हा वहिनींनीच केला. पलीकडून घंटी एवढंच म्हणाली, "मी तुझं काय वाकडं केलं होतं गं?" आणि फोन ठेवला.

संध्याकाळी धाकटा घरी आला तेव्हा वहिनी खुर्चीत ताठ बसल्या होत्या. दादा दाराशी उभा होता.

"भावजी, त्या चित्रपटाचा शेवट पुन्हा सांगा."

"झोपडीत..." धाकट्याने सुरुवात केली.

"पुरे." वहिनींनी हात वर केला. "अख्खा जन्म बोर्डावर काढला मी. कोण खरं बोलतंय, कोण आजाऱ्याची समजूत घालतंय, ते मला श्वासावरून कळायचं. तुमचा श्वास त्या दिवशीही अडकला होता. मी ऐकला. ऐकून सोडून दिला. मला तो शेवट हवा होता ना. मला हवा होता तो मी घेतला, आणि वर तिच्याही पदरात टाकला. आता नीट सांगा."

धाकट्याने सांगितलं. फळी, घोंगडी, हात. मग वहिनी अगदी हळू म्हणाल्या, "आणि ठकू?"

"वहिनी..."

"तुम्ही दोघं ओळख पटवायला गेला होतात. मला नेलं नाहीत. झोपल्यासारखी दिसत होती, असं तुम्हीच येऊन सांगितलंत. तेही असलंच होतं का?"

धाकट्याने दादाकडे पाहिलं. दादा उंबऱ्यावरच खाली बसला. इतक्या वर्षांत त्या विषयावर तो पहिल्यांदा बोलला.

"चेहरा राहिला नव्हता," तो म्हणाला. "मी आत गेलोच नाही. पाय उचलेनात माझे. बाहेर बाकावर बसून राहिलो. हा एकटा आत गेला. बोटावरच्या भाजल्याच्या डागावरून यानेच ओळखली."

वहिनी उठल्या, हाताने चाचपत धाकट्यापर्यंत आल्या, त्याचा खांदा सापडल्यावर थांबल्या.

"एकटा गेलास तू?"

"हो."

"आणि इतकी वर्षं एकटाच बघत राहिलास?"

धाकट्याला वाटत होतं त्या मारतील, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. वहिनी नुसत्याच त्याचा खांदा धरून राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी लेक होती रे ती. कशीही दिसत असती तरी माझीच होती. मला बघू द्यायचं होतंत. तेव्हा डोळे होते मला." एवढं बोलून त्या आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटा कामावर न जाता घंटीकडे गेला. तिने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. त्याने दारातच सगळं सांगितलं. चूक माझी, वहिनींना दिसत नाही, त्यांना जे सांगितलं ते मी सांगितलं.

घंटीने ऐकून घेतलं. पूर्वीची बाई तिच्यात शोधून सापडली नसती.

"चित्रपटाचं काय एवढं," ती म्हणाली. "जगात पोरं मरतात, चित्रपटातही मरायचीच. पण तुझी वहिनी मला म्हणाली, शेवटी सापडते. मी त्या दिवशी सकाळपासून केर काढला, पडदे धुतले. का, ते मला विचारू नकोस. वाटलं, एकीची सापडताना बघावी. मग ती फळी आली. हात दिसला. तरी मी म्हणतेय, अजून संपला नाही, आता उठेल. ती खोटं नाही सांगायची मला. पडद्यावर नावं सरकायला लागली, तीही सगळी संपली. नुसता काळा पडदा राहिला, तरी मी बसलेय तशीच."

"माफ करा, ताई," एवढंच तो म्हणाला.

"तुझ्यावर राग नाही, तिच्यावरही नाही. पण तिला म्हणावं, फोन नको करूस. तिचा आवाज ऐकला की मला ते 'सापडते' ऐकू येतं."

धाकट्याने वहिनींना जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द गाळला नाही की मऊ केला नाही. वहिनींनी फोन केला नाही. औषधवाल्यांनी काय बघू म्हणून विचारलं, तर "मला नका विचारू, मी चित्रपट बघत नाही, ऐकते," असं म्हणून पुढे गेल्या. रविवार आले आणि गेले. मग एकदा त्यांनीच धाकट्याला हाक मारून शेजारी बसवलं, आणि दोघं पुन्हा बघू लागली. पण आता एखादं दृश्य सांगून झालं की वहिनी विचारायच्या, "खरं?" तो म्हणायचा, "खरं." ठकूबद्दलही त्या विचारू लागल्या. खोली कशी होती, अंगावर काय पांघरलं होतं, जवळ कोण होतं. एका वेळी एकच गोष्ट विचारायच्या. ती ऐकून झाली की पुष्कळ दिवस काही विचारायच्या नाहीत.

वर्ष उलटून गेल्यावर बोर्डावरच्या कुणाकडून तरी कळलं, की घंटी घर सोडून गेली. वहिनी म्हणाल्या, "मला तिथे ने." धाकट्याने त्यांना हात धरून जिना चढवला. दारासमोर उभ्या राहून त्यांनी विचारलं, "काय दिसतंय?"

"कुलूप आहे, वहिनी. नावाची पाटी काढलीय. खिडकीला पडदे नाहीत."

वहिनींनी दारावरून हात फिरवला. बोटांना धूळ लागली ती तशीच राहू दिली. "आणि पोरगा आला तर? त्याला कसं कळणार?"

काहीतरी बरं सांगावं असं धाकट्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. "मला माहीत नाही," तो म्हणाला. "शेजारी विचारतो."

शेजारणीने दार उघडलं. हो, म्हणाली, नवा पत्ता दिलाय त्यांनी, मजल्यावरच्या प्रत्येक घरात देऊन गेल्यात. "पण मुलगा आला तरच द्यायचा, असं सांगितलंय. दुसऱ्या कुणालाही नाही. जुन्या मैत्रिणी आल्या तरी नाही."

वहिनींनी मान हलवली. "बरं केलं तिने," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे नीट राहू दे तो पत्ता. हरवू नका." आणि जिना उतरायला त्यांनी धाकट्याचा हात शोधला.