मधल्या सुट्टीतली रांग

मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर नेहमीसारखी रांग लागली. कुणाच्या बुटाची नाडी तुटली होती, कुणाचं खोडरबर हरवलं होतं, तर एकाला नुसतंच सांगायचं होतं की आमच्या मांजरीला पिल्लं झाली. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, दुसरीच्या वर्गाच्या दारात, मेजरसाहेब हात पाठीमागे बांधून ती रांग बघत उभे होते. त्यांच्या दारात चिटपाखरू नव्हतं.

उमेदीची वर्षं त्यांनी फौजेत काढली होती. पुढे एका मालवाहतूक कंपनीत ते सर्वांत वरच्या खुर्चीवर जाऊन बसले. मग कंपनी विकली गेली आणि नव्या मालकांनी पुष्पगुच्छ देऊन त्यांना दारापर्यंत पोचवलं. घरी बसून ते कपाटांना आणि कुंड्यांना शिस्त लावू लागले, तेव्हा बायको म्हणाली, "दुसरीला गणिताचे शिक्षक हवेत, या. पण सहामाहीपर्यंतच. मुलांशी जमलं तर पुढचं बघू. नवरा म्हणून ठेवून घेणार नाही हं मी."

मोठ्या बाई म्हणजे त्यांची बायकोच.

सहामाही आता तोंडावर आली होती. तसं वर्गात काही बिघडलं नव्हतं. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असायची आणि पाढे सगळ्यांचे तोंडपाठ. पण ती रांग त्यांच्या डोळ्यांत खुपायची. बायकोचा हेवा वाटतो, हे काही चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ते शिस्तीबद्दल बोलत. तू मुलांना डोक्यावर बसवून ठेवलंयस, असं ते जेवताना म्हणत. असेल, असं म्हणून ती भाजी वाढत असे.

पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्याच्या वरच्या कडेला ठसठशीत अक्षरात लिहून ठेवलं होतं : 'अडचण घेऊन येऊ नका. उपाय घेऊन या.' कंपनीत हेच वाक्य त्यांच्या खुर्चीमागे टांगलेलं असे. त्याच्यासमोर मोठमोठ्या माणसांना घाम फुटायचा आणि कामं मात्र झटपट व्हायची.

वर्गात एक मुलगी होती. एवढीशी, सतत लगबगीत, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. तिच्या पेन्सिलीला साहेब स्वतः चाकूनं टोक काढून देत. एकदा जिना उतरताना तिनं सहज त्यांचं बोट धरलं होतं. ते त्यांनी घरी सांगितलं नाही, पण त्या दिवशी एक पोळी जास्त खाल्ली.

ती मुंगी आज सकाळपासून ओठ घट्ट मिटून बसली होती. साहेबांनी तिला सहा सत्ते विचारले. उत्तर नाही. पुन्हा विचारले. तिनं एकदा फळ्याच्या वरच्या ओळीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. हट्ट करतेय असं वाटून त्यांनी तिला उभं केलं. ती मुकाट्यानं घंटा होईपर्यंत उभी राहिली.

आणि आता ती वर्गातून सुसाट निघाली. साहेबांचा हात आपोआप थोडा पुढे झाला. ती त्याच्या खालून निसटली, सगळी रांग ओलांडून थेट मोठ्या बाईंच्या खोलीत शिरली. रांगेतल्या कुणी तक्रारसुद्धा केली नाही. साहेब मागोमाग गेले. बेशिस्तीची चौकशी करायला जातोय, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि दाराच्या आड उभे राहिले.

आत बाईंनी तळहात पुढे केला होता. "टाक इथे."

मुंगीनं तोंड उघडलं. थुंकीबरोबर थोडं रक्त आलं आणि एक दात.

"अगंबाई, पहिला ना?" बाईंनी तिला चूळ भरायला लावली. "सकाळपासून तोंडात धरून बसलीस? सरांना का नाही सांगितलंस?"

"सरांकडे उपाय घेऊन जायचं असतं," मुंगी म्हणाली. "माझ्याकडे नव्हता."

बाई हसल्या नाहीत. चौकटीपाशी त्यांना चकचकीत बुटाचं टोक दिसलं असावं. त्या जरा मोठ्यानं म्हणाल्या, "सरांना दाखवून ये बरं. त्यांना आवडेल."

"नको. तुम्हीच ठेवा."

कुणाच्या बढतीनं, कुणाच्या पदकानं साहेबांच्या पोटात कधी दुखलं नव्हतं, तेवढं त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या दातानं दुखलं.

संध्याकाळी घरी परतताना ते एकदम म्हणाले, "दात तू ठेवून घेतलास."

"तिनं दिला."

"आपल्या लेकीचा पहिला दात कधी पडला गं?"

"तुम्ही सीमेवर होता. तिनं स्वतः फोनवर सांगितलं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, ठीक आहे, आता फोन आईला दे."

"आणि दुसरा?"

ती थोडी चालली. "दुसऱ्याच्या वेळी मी फोन लावून दिला होता. ती म्हणाली, नको."

दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी साहेबांनी ओलं फडकं घेऊन फळ्यावरची ती ओळ पुसली. इतक्या दिवसांची अक्षरं, त्यांचा पुसट माग उरलाच. मुलांनी वर पाहिलं आणि वह्या उघडल्या. मधल्या सुट्टीत त्यांचं दार कालच्यासारखंच रिकामं राहिलं.

थोड्या वेळानं ते व्हरांड्यातून चालत गेले आणि रांगेच्या शेवटी उभे राहिले. पुढचा मुलगा वळला.

"सर, तुम्हाला काय झालंय?"

"सांगतो बाईंना."

"मग तुम्ही जा ना आधी. माझी नुसती नाडी आहे."

"नको. तुझा नंबर आधी आहे."

रांग सरकत सरकत संपली. बाई टेबलावरच्या वह्यांत डोकं घालून होत्या. "ये बाळा, काय झालं?" म्हणत त्यांनी मान वर केली.

साहेबांचे हात आज पाठीमागे नव्हते. ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

"मोठ्या बाई," ते म्हणाले, "माझ्याकडे उपाय नाही."

बाईंनी मुलांसाठी ठेवलेलं बुटकं स्टूल पायानंच पुढे सारलं. साहेब त्यावर बसले. त्यांचे गुडघे छातीपाशी आले. बाहेर सुट्टी संपल्याची घंटा झाली, आणि बाईंनी त्यांना जा म्हटलं नाही.