गमबुटांना हळदीकुंकू

आमच्या पप्पांची, म्हणजे परमेश्वर मिस्त्रींची, एक सवय अख्ख्या सेलूत ठाऊक आहे. स्लॅबवर नारळ फुटला की ते चप्पल काढतात, ती काम संपल्यावरच घालतात. ओल्या काँक्रीटमध्ये अनवाणी, आणि ते बसवायला हातात विजेचं व्हायब्रेटर!

शाळेत एका वायरमनकाकांनी विजेचे धोके समजावले, तेव्हापासून मला ते बघवत नव्हतं. म्हणून स्लॅबच्या आदल्या दिवशी मी थेट साइटवर गेले. पाहते तर व्हायब्रेटरच्या वायरला पिनच नाही! दोन उघडी टोकं सॉकेटात खुपसून काडीपेटीच्या काड्यांनी अडकवलेली.

"सूर्यभानकाका, अर्थिंगची वायर कुठंय?" मी ठेकेदाराला विचारलं.

"आली मास्तरीण! आजवर कोण मेलंय का?"

"मेल्यावर सांगायला कोण येतंय व्हय?"

सगळे खो खो हसले. काका मात्र हसले नाहीत. संध्याकाळी तीन पिनांची वायर आली, आणि करंट गळला की क्षणात वीज तोडणारा स्विचसुद्धा. त्याचं टेस्टचं बटण मीच दाबून पाहिलं. खट्! काय भारी वाटलं!

पण पप्पा? त्यांना गमबूट घाला म्हटलं, तर म्हणाले,

"नारळ फोडल्या जागी बूट? न्हाई जमायचं, निकिता."

सकाळी मी पूजेचं ताट घेऊन हजर! थापीला, ओळंब्याला हळदीकुंकू लावलं. शेजारी रबरी गमबूट मांडले, त्यांनाही लावलं.

"हे काय करायलीस?"

"दसऱ्याला अवजारं पुजता ना? मग हे बी अवजारच हाय. आता देवासमोर न्हाई म्हणा बरं!"

"लय वकील झालीस," म्हणत पप्पांनी बुटांत पाय घातले.

अर्धा स्लॅब झाला असेल. व्हायब्रेटरची वायर सळईच्या टोकाला घासली, आणि खट्! मशीन बंद. पप्पा तिथंच उभे, घोट्यापर्यंत काँक्रीटमध्ये. सूर्यभानकाकांनी आधी पिन उपसली, मग वायर चाचपली. एका जागी तांबं उघडं पडलं होतं. त्यांनी ते सगळ्यांना दाखवलं.

पप्पा खाली आले. सिमेंटचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. वेणीची वाट लागली, पण मी हललेच नाही.

"ही माझी पोरगी," ते गड्यांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले, "जा, ताट आण. त्या स्विचला कुंकू लावायचं राहिलंय."

मी पळतच गेले. कुंकू जरा जास्तच लावलं.