आजीची मुलाखत

तिसरी बाई जिना उतरून गेली आणि जावयाने दार लावून घेतलं. जरा जोरातच लावलं, कारण आतल्या खोलीत ठमी नुकतीच झोपली आहे हे तो रागाच्या भरात विसरला. ठमी म्हणजे त्याची दहा महिन्यांची लेक. ती दचकली, खालचा ओठ काढला, पण रडण्याची तसदी काही घेतली नाही.

“डोकी फिरलीत या बायकांची,” तो सोफ्यावर आदळत म्हणाला. “एवढा पगार मिळत असेल तर मीच जातो लोकांची मुलं सांभाळायला.”

“जा की. दुपारच्या आत परत पाठवतील,” आजी म्हणाली.

आजी म्हणजे त्याची सासू. ती दोन गल्ल्या सोडून आपल्या दीड खोलीत एकटी राहायची. आज रविवारी तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तिच्या मुलीची, म्हणजे ठमीच्या आईची, रजा संपत आली होती, पुढच्या सोमवारी ती पुलांचे आराखडे काढणाऱ्या तिच्या कचेरीत परत हजर होणार होती. तोवर ठमीसाठी बाई ठरायला हवी होती. बाई पारखायची तर अनुभवी नजर पाहिजे, म्हणून परीक्षक आजी. परीक्षकाला चहा आणि दोन बिस्किटं मिळाली होती.

पहिली बाई बोलता बोलता सारखी फोनकडे बघत होती. दुसरीने घरात शिरताच टीव्ही केवढा आहे ते पाहिलं आणि “मग काही काळजी नाही” असं म्हणाली. त्या दोघींना आजीने मनातल्या मनात नापास करून टाकलं. तिसरी मात्र उंच, चष्मेवाली बाई. तिने कुणी न सांगता आधी हात धुतले आणि जमिनीवर बसून राहिली. ठमीला बोलावलं नाही की चुटक्या वाजवल्या नाहीत. ठमीच रांगत गेली आणि तिने बाईंचा चष्मा ओढला. मग बाईंनी विचारलं की ताप आला आणि तुम्ही दोघंही मीटिंगमध्ये असलात तर फोन कुणाला करायचा. नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. हा प्रश्न त्या घरात अजून निघालाच नव्हता.

त्यानंतर बाईंनी खुर्चीवर बसून पगार सांगितला. सकाळी आठ ते संध्याकाळी सात, सातच्या पुढे वेगळे पैसे, आठवड्याला एक सुट्टी, आजारी पडलं तर पगार कापायचा नाही. सांगताना त्यांचा आवाज खाली गेला नाही. हे आजीच्या बरोबर लक्षात आलं, कारण तिचा स्वतःचा नेमका तिथेच जायचा. आयुष्यभर तिने शेजारापाजाऱ्यांचे पडदे शिवले, पँटी आखूड करून दिल्या, आणि पैशांची वेळ आली की एकच वाक्य, “बघा, तुम्हाला काय वाटेल ते द्या.” लोकांना नेहमी कमीच वाटायचं. लोकांचं काय चुकलं, त्यांना विचारलंच तसं होतं.

“ऑफिसातला माझा मित्र निम्म्यात ठेवतो बाई,” जावई म्हणाला. “निम्म्यात! आणि तीही दिवसभर.”

आता लोकांची एक गंमत असते. घड्याळ घेतलं तर किंमत वाढवून सांगतात आणि बाई ठेवली तर पगार कमी करून. पहिल्याने माणूस श्रीमंत दिसतो, दुसऱ्याने हुशार. जावयाने चार जणांना विचारलं होतं, चौघांनीही हुशारी दाखवली होती, आणि त्यातला सगळ्यात हुशार आकडा धरून हा गृहस्थ घरी आला होता. एरवी हाच माणूस इमारतींना लिफ्ट विकतो आणि गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की म्हणतो, स्वस्तातली लिफ्ट घ्या आणि मध्येच अडका.

मुलीने खिडकीशी उभ्याउभ्याच हिशेब केला. “माझ्या पगारातून यांचा पगार वजा केला तर निम्म्याहून कमी उरतात. त्यातून येण्याजाण्याचा खर्च. मग मी जाऊ तरी कशाला?”

बोलताना तिचा आवाज चिरकला. पूल काढणं हे तिचं वेड होतं. दहा महिने तिने मऊ भात कालवला होता, लंगोट बदलले होते, आणि ते सगळं प्रेमानेच केलं होतं, पण परत जायला ती किती आसुसली आहे ते आजीला ठाऊक होतं.

मग नवराबायको दोघांनीही एकाच वेळी आजीकडे पाहिलं.

“काखेत कळसा नि गावाला वळसा!” जावई एकदम उजळला. “आई आहेत की! आपण उगीच बाहेर शोधतोय. आजीसारखं दुसरं कोण बघणार? दुधापेक्षा दुधावरची साय...”

“साय कळली,” आजी म्हणाली. “मी पुढच्या सोमवारपासून कामावर जाणार आहे. तुम्हाला दोघांनाही सांगितलंय.”

सांगितलं होतंच. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्याच्या मालकिणीने तिला कटिंगच्या टेबलावर बोलावलं होतं. जुने कटिंगमास्तर सोडून गेले होते. लांबलचक टेबल, त्यावर कापडाचे थरावर थर, वर खडूची आखणी, आणि मग एका दमात कापायचं. चुकलं तर एक सदरा नाही, थरातले सगळेच जातात. हे काम आजीला यायचं. लग्नानंतरही तिने ते केलं होतं, मुलगी झाल्यावर सोडलं, आणि सोडताना सगळ्यांनी समजूतदारपणाबद्दल तिची पाठ थोपटली होती. आता या वयात ते टेबल तिच्याकडे परत चालून आलं होतं. मालकिणीने स्वच्छ सांगितलं होतं, सोमवारी आलात तर टेबल तुमचं, नाही तर दुसरं माणूस तयार आहे. टेबल तिसऱ्यांदा काही चालून येणार नव्हतं.

“अगं, पण ते तू वेळ जावा म्हणून करणार होतीस ना?” मुलगी म्हणाली. “इथेही वेळ जाईल की.”

हे ऐकून आजीला राग आला. चांगला, सणसणीत राग. वेळ घालवायचा असता तर तिने कोडी सोडवली असती. पण ती ओरडली नाही. तिने चहाचा कप बशीत ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि दार उघडून बाहेर गेली.

“आई, रागावलात का?” जावई मागून धावला, तोवर दार लागलं होतं. क्षणभर तसंच गेलं. मग बेल वाजली.

त्याने दार उघडलं. आजी पदर नीट करून उंबऱ्यात उभी होती.

“नमस्कार. बाई हवी आहे असं कळलं. मी चौथी.”

जावयाला हसू फुटलं. मुलीला फुटलं नाही, ती आपल्या आईला जास्त ओळखत होती. आजी आत आली, सरळ मोरीत जाऊन हात धुतले आणि सोफ्यासमोरच्या त्या लाकडी खुर्चीवर बसली, जिच्यावर सकाळपासून तिघी बसून गेल्या होत्या. सोफ्यापेक्षा ती बरीच कडक होती.

“विचारा ना,” ती म्हणाली. “बाकीच्यांना विचारलंत तसं.”

“बरं, अनुभव?” जावयाने खेळ समजून विचारलं.

“एक मुलगी वाढवली. पुलांचे आराखडे काढते. नवरा निवडण्यात थोडी घाई केली तिने, पण तो दोष माझ्याकडे नाही.”

“आई!” मुलगी म्हणाली.

“वेळ आठ ते सात. सातनंतर वेगळे पैसे. आठवड्याला एक सुट्टी, आजारपणात पगार चालू.” आणि मग आजीने आकडा सांगितला. मघाच्या उंच बाईंचाच, एक दमडीही कमी नाही. तिची जीभ ‘काय वाटेल ते’ म्हणायला नुसती शिवशिवत होती, पण तिने दात मिटून जीभ आत ठेवली. आवाज जागेवर राहिला. आयुष्यात पहिल्यांदा राहिला.

जावयाचं हसू ओसरलं. “तुम्ही खरंच पैसे घेणार? नातीचे?”

“आजी फुकट आहे हो जावईबापू. आजी संध्याकाळी येते, पापे घेते, घोडा घोडा करते आणि पोर रडायला लागलं की आईच्या हातात देऊन घरी जाते. तिचा एक पैसा नको. दिवसभर जी थांबते ती बाई. ती मी असले तरी बाईच, आणि तिचा भाव हा आहे.”

“मला सांभाळलंस तेव्हा घेतले होतेस का गं पैसे?” मुलीने विचारलं. तिचे डोळे भरले होते आणि प्रश्न बोचावा म्हणूनच विचारला होता.

बोचलाही आजीला.

“नाही घेतले. कुणी विचारलंही नाही की तुझं काय गेलं. माझं टेबल गेलं, बाळा. तू मला हवी होतीस आणि ते टेबलही हवं होतं. तुझ्यासाठी केलं त्याचं मला दुःख नाही. पण फुकट झालं असं कुणी म्हणू नये. आज तुझं तेच होऊ घातलंय, म्हणून मी या खुर्चीत बसलेय.”

जावयाला हे सोसवेना, आणि सोसवलं नाही की पुरुष माणूस फोन उचलतो. “थांबा. मी मित्राला विचारतो त्याची बाई कुठून मिळाली. तशीच एक शोधू, म्हणजे सगळ्यांचाच प्रश्न मिटेल.” तिघांना ऐकू जावं म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकला.

मित्र खुशीत होता. “अरे, सोन्यासारखी बाई आहे. सकाळी येते, पोराला अंघोळ, खाणं...”

“संध्याकाळपर्यंत थांबते ना?”

“हो, म्हणजे... बारापर्यंत.”

“बारापर्यंत? आणि मग?”

“मग काय, घरात माणसं आहेतच की.”

मागून भांडं आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एका म्हाताऱ्या बाईचा. “माणसं कुठली रे? मी एकटीच आहे! बारापासून दिवेलागणीपर्यंत त्या पोरामागे मी धावते. गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं. ते पण सांग की तुझ्या मित्राला!”

“आई, अगं फोन चालूय...” मित्राने घाईघाईने निरोप घेतला.

जावई फोनकडे बघत राहिला. तो काही वाईट माणूस नव्हता. सगळ्यांसारखाच होता, म्हणजे दिसलेला आकडा खरा मानणारा. त्या निम्म्या पगारात उरलेला अर्धा दिवस एक म्हातारी भरत होती, तिचे गुडघे आकड्यात कुठेच धरलेले नव्हते. मनात त्याने चौघांपैकी बाकीच्या तिघांची घरं आठवली. एकाकडे सासू राहायची, एकाकडे थोरली बहीण, आणि तिसऱ्याच्या बायकोने नोकरी सोडली होती.

“सगळ्यांकडे कुणीतरी आहे,” तो हळूच म्हणाला.

पण मुलीचं लक्ष भलतीकडेच लागलं होतं. ती मघापासून कपाळाला आठ्या घालून उभी होती. आराखड्यात खांब चुकीच्या जागी दिसला की ती अशीच उभी राहायची.

“मी मघाशी माझ्या पगारातून का वजा केले?” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“बाई आपण दोघं कामाला जातो म्हणून लागणार. मग तिचा पगार माझ्या एकटीच्या पगारातून कसा जातो? ठमी काय मी एकटीने आणली?” ती नवऱ्याकडे वळली. “तूही कर ना वजा. बघ, तुला कामाला जाणं परवडतं का ते.”

जावयाने, खरोखरच, मनात वजाबाकी केली असावी, कारण त्याचा चेहरा जरा उतरला. “दोघांतून धरले तर...” तो म्हणाला, “गाडी पुढे ढकलावी लागेल.”

“ढकलू.”

“रंग पण पसंत केला होता.”

“मग आपण खिडकीतून दुसऱ्यांची बघू त्या रंगाची,” मुलगी म्हणाली. आवाज अजून ओला होता, पण आता तो हलत नव्हता. आजीने मनात म्हटलं, माझ्यापेक्षा तीस वर्षं आधी जमलं हिला. तिला इतका आनंद झाला की खुर्चीचा कडकपणा ती विसरली.

मुलीने उंच बाईंना फोन लावला. हाही स्पीकरवरच होता. तुम्ही सांगितलेला पगार मान्य आहे, तुमच्या सगळ्या अटीही मान्य आहेत, पुढच्या सोमवारपासून याल का, असं तिने एका दमात विचारलं. पलीकडे रस्त्याची गडबड ऐकू येत होती. बाई लगेच हो म्हणाल्या नाहीत.

“ताई, एक विचारायचं राहिलं होतं. तुमच्याकडे मघाशी आजी होत्या. त्या घरीच असतात का? रागावू नका, पण अनुभव आहे. दोन महिने गेले की घरचे म्हणतात, आजी आहेतच, तुम्ही आता अर्धाच दिवस या. आणि पगारही अर्धा होतो. तसं असेल तर आत्ताच सांगा, मला दुसरीकडून बोलावणं आहे.”

मुलीने आईकडे पाहिलं. जावयानेही पाहिलं. आजी त्या कडक खुर्चीवरून उठली, मुलीपाशी आली आणि तिच्या हातातल्या फोनवर वाकली.

“मी आजीच बोलतेय,” ती म्हणाली. “आजी घरी नसते. आजी कामाला जाते.”

“मग येते मी,” बाई म्हणाल्या.