टॉवेल-टोपी

"उजवा पाय आधी, मावशी. आन् वरचं हँडल धरा."

भीमाबाईंनी उजवा पाय गाडीत टाकला, डावा जमिनीवरच राहिला, आणि त्या तशाच अडकल्या. "आरं गोरख, ही गाडी हाय का माडी?" त्या ओरडल्या, तशा ओट्यावर बसलेल्या शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या.

गोरक्षनाथने त्यांना अलगद खाली घेतले. मग खिशातून शिंप्याची टेप काढून जमिनीपासून सीटपर्यंतची उंची मोजली, आणि घरात जाऊन त्यांच्या पलंगाचीही मोजली. पलंगावरून मावशी कुणाचा हात न धरता उठत होत्या, म्हणजे सीट तेवढ्याच उंचीची हवी. नगरच्या शोरूममध्ये चोवीस वर्षे गाड्या विकणारा हा माणूस गिऱ्हाइकांच्या आयांच्या गुडघ्यांचा विचार करत हिंडायचा. शोरूममधली नवी पोरे त्याला मागून 'टेलर' म्हणत, आणि ते त्याला ठाऊक होते.

"श्रीमंत, ही नको," तो म्हणाला. "हिच्या खालची घे. दीड लाखानं स्वस्त बी हाय."

"आरं, उंच गाडीचा रुबाब असतो."

"मग रुबाबात तू हिंड. मावशी बसतील घरी."

श्रीमंत हसला. तो भीमाबाईंचा मुलगा, घोडेगावातला जनावरांचा व्यापारी. गोरक्षनाथ आणि तो दहावीपर्यंत एका बाकावर. गोरक्षनाथचे घर लांब वस्तीवर, म्हणून दहावीचे अख्खे वर्ष तो श्रीमंतच्या घरीच राहिला, भीमाबाईंच्या हातचे जेवला. पुढे तो नगरला गेला, केडगावात घर केले, पण घोडेगावला आला की आधी मावशींच्या पाया पडणार, मग इतर कामे.

पुढच्या शुक्रवारी तो खालची गाडी घेऊन आला. मावशी एकट्या आत बसल्या, आणि उतरायलाच तयार होईनात. शेवटी त्यांना बाजारतळापर्यंत फिरवून आणावे लागले. राखाडी रंगही गोरक्षनाथनेच सुचवला, कारण आपल्याकडची धूळ त्यावर दिसत नाही. कोणते मॉडेल घ्यायचे, कोणत्या फुकटच्या सामानाला भुलायचे नाही, विमा किती वर्षांचा काढायचा, हे त्याने चहा निवेपर्यंत बसून समजावले.

मग दोघे बाजारात म्हशींच्या रांगेत उभे राहिले, तेव्हा त्याने मनातले सांगितले.

"ह्या महिन्यात सहा गाड्या व्हायला पायजेत. पाच झाल्यात. सहावी न्हाई झाली तर एक तारखेपासून मला सुप्याच्या यार्डात टाकणारेत."

"यार्डात म्हंजी?"

"नव्या गाड्या उभ्या असत्यात तिथं. धुवायच्या, आठवड्यातनं एकदा चालू करून बघायच्या, राखन करायची. गिऱ्हाईक फिरकत न्हाई तिकडं."

पगार तेवढाच राहणार होता. पण दिवसभर माणसांशी बोलल्याशिवाय ज्याचे पोट भरत नाही, त्याला मुक्या गाड्यांच्या राखणीला बसवायचे म्हणजे काय, हे श्रीमंतला सांगायची गरज नव्हती. तोही बोलण्यावरच जगणारा.

श्रीमंतने गळ्यातला पंचा काढला आणि गोरक्षनाथच्या हातावर टाकला. जनावराचा भाव ठरवतात तसा पंच्याआड हातात हात घेऊन त्याने चार बोटे दाबली. म्हणजे चाळीस हजार सूट. गोरक्षनाथने दोन दाबली. बराच वेळ बोटे बोलत राहिली, आणि तिसावर थांबली. शोरूमने त्याला पंचवीसच्या वर परवानगी दिली नव्हती. वरचे पाच तो आपल्या कमिशनातून घालणार होता, आणि हे त्याने श्रीमंतला सांगितले नाही.

हात पंच्याबाहेर आले की सौदा पक्का, मग पाठीमागून कुणी दुप्पट देऊ केले तरी तोंड फिरवायचे नाही, असा बाजाराचा नेम. श्रीमंत या नेमाला जागणारा म्हणून चार तालुक्यांत नावाजलेला. एकदा म्हशीचा सौदा झाल्यावर तासाभरात नऊ हजार जास्त देणारा आला, तर त्याला श्रीमंतने चहा पाजून परत पाठवले होते.

"ठरलं," श्रीमंत म्हणाला. "गाडी तुज्याच हातनं."

सोमवारी तो बुकिंगला येणार होता. सोमवारी म्हणाला, अमावस्या होऊ दे. अमावस्या झाली तर मुलाच्या, पार्थच्या, कॉलेजची फी निघाली. गोरक्षनाथ रोज फोन करत नव्हता. मित्राला तगादा लावायचा नसतो, असे त्याचे मत. मते असावीत माणसाला, पण महिनाअखेर जवळ असताना ती महागात पडतात.

सत्तावीस तारखेला मॅनेजर हर्षलने त्याला केबिनमध्ये बोलावले. हर्षल वयाने त्याच्या मुलाएवढा, पण बोलायला अदबशीर.

"काका, तीस तारखेच्या एका डिलिव्हरीला तुम्ही उभे राहाल का? घोडेगावची पार्टी आहे, तुमच्याच भागातली."

गोरक्षनाथने कागद घेतला. येळवंडे श्रीमंत. तेच मॉडेल, तोच राखाडी रंग, विमाही तेवढ्याच वर्षांचा. विक्री प्रतिनिधीच्या रकान्यात लिहिले होते, 'ऑनलाईन'.

"हे गिऱ्हाईक माझं आहे, हर्षलसाहेब."

"बुकिंग वेबसाईटवरून आलंय, काका. ती मोबाईलवरची कंपनी आहे ना, चार शोरूमचे भाव मागवते आणि स्वस्त असेल तिकडे गिऱ्हाईक पाठवते. आपला भाव कमी निघाला. तुमच्या नावावर नाही टाकता येणार."

"किती सूट दिली?"

"एक्केचाळीस."

"मी तीस मागितले, तर तुम्ही पंचवीसच्या वर एक रुपया नाही म्हणालात."

हर्षलने टेबलावरचा पेन सरळ केला. "ती कंपनी महिन्याला चाळीस गाड्या देते, काका. आणि तुम्ही..." पुढचे त्याने गिळले. पुढचा आकडा दोघांनाही पाठ होता.

गोरक्षनाथ बाहेर येऊन पार्किंगमध्ये उभा राहिला. शोरूमचे एक वेळ समजत होते. शोरूम धंदा करायलाच बसले होते, आणि चोवीस वर्षांत त्याने कधी त्याला आई मानले नव्हते. पण श्रीमंतने केसाने गळा कापला होता. त्याला राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली. टेप घेऊन पलंग मोजणारा आपण त्याला आठवला, आणि ती टेप कुठेतरी फेकून द्यावी असे वाटले. त्याने फोन लावला.

"आरं, पार्थनं केलं रे ते मोबाईलवर," श्रीमंत लगेच म्हणाला. म्हणजे उत्तर तयार ठेवले होते. "आजकालची पोरं ऐकत्यात व्हय?"

"सही तर तुजी हाय."

"गाडी तुज्याच शोरूममधनं घेतली ना? दुसरीकडं कुटं गेलो का मी?"

"सौदा झाल्ता, श्रीमंत. पंच्याखाली."

"आरं, त्यो जनावराचा सौदा असतो! मशिनीला कसला आलाय पंचा?"

"सौदा मशिनीसंगं न्हवता. माज्यासंगं हुता. आन् यार्डाचं तुला सांगितलं हुतं मी."

पलीकडे कुठेतरी एक म्हैस हंबरली. श्रीमंतचा आवाज जरा चढला. "अकरा हजाराचा फरक हुता, गोरख्या. माज्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?"

"तुला फोन केला असता."

मग श्रीमंत हळू आवाजात म्हणाला, "आईला काय सांगू नको. तिला वाटतंय, तूच दिली."

चोवीस वर्षांत गोरक्षनाथने शेकडो माणसांचे नकार ऐकले होते. तोंडावर नकार देणाऱ्याचा त्याला कधी राग आला नव्हता. या एका वाक्याने मात्र तो फोन हातात धरून पार्किंगच्या कट्ट्यावर बसला, आणि वॉचमनने पाणी आणून दिले तेव्हाच उठला.

उरलेल्या तीन दिवसांत सहावी गाडी झाली नाही. तीस तारखेला सकाळी अकरा वाजता गाडीवर लाल सॅटिनचे कापड घातले, बॉनेटला हार लावला, चाकांखाली लिंबे ठेवली. हे सगळे गोरक्षनाथनेच केले. डिलिव्हरीत खोट काढायला त्याने कुणाला जागा ठेवली नाही.

येळवंडे मंडळी आली. पार्थ मोबाईलवर शूटिंग करत होता. श्रीमंत चपला काढण्यात नको तितका वेळ घालवत होता. भीमाबाई नव्या नऊवारीत, काखेला पिशवी. पूजेचे ताट पुढे आले, तसा त्यांनी हात आडवा धरला.

"थांबा. आधी गोरखचा मान."

पिशवीतून त्यांनी नारळ काढला, नवाकोरा टॉवेल काढला आणि कडक इस्त्रीची पांढरी टोपी काढली. हर्षल केबिनमधून बाहेर आला होता. सेल्सची पोरेही गोळा झाली होती.

"मावशी, ह्याची काय गरज..."

"गप रं. म्हातारीचं गुडघं बघून गाडी कोन देतं आजकाल?" त्यांनी टॉवेल आणि नारळ त्याच्या हातात दिला आणि टोपी लेकाकडे केली. "श्रीमंता, घाल त्येला टोपी."

एक पोरगा फस्सकन हसला आणि भिंतीकडे वळला. श्रीमंतने टोपी हातात घेतली. तिची घडी त्याला उलगडेना.

"घातलीय की त्येनं, मावशी," गोरक्षनाथ शांतपणे म्हणाला. "कवाच."

"कुटं?" भीमाबाईंनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिले. "डोकं तर उगडंच हाय की तुजं!"

आता कुणीच हसले नाही. पार्थने मोबाईल खाली घेतला. श्रीमंतची नजर फरशीवर होती, आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. एक वाक्य बोलले असते तर गोरक्षनाथचा हिशेब तिथेच चुकता झाला असता. ते त्याच्या ओठांवर आलेही. पण मावशी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, मान वर करून, केवढ्या कौतुकाने बघत होत्या. त्याने मान वाकवली.

श्रीमंतने टोपी ठेवली. ती एका कानावर घसरली.

"नीट घाल," म्हातारी म्हणाली.

श्रीमंतने दुसऱ्यांदा हात लावून ती सरळ केली. पूजा झाली, नारळ फुटला. गोरक्षनाथने मावशींना मागच्या सीटवर बसवले, पट्टा लावून दिला.

"तू बी चल घरी. पुरनाचं केलंय."

"आज न्हाई, मावशी. उद्या सकाळी सुप्याला जायचंय, आवराआवर करतो."

"तिथं बी गाड्याच का रं?"

"व्हय. लई गाड्या हायेत तिथं."

"मंग बरं हाय," त्या समाधानाने म्हणाल्या.

श्रीमंतने काच खाली केली. "गोरख्या..."

"फुडं बघ. उजव्या अंगानं ट्रक येतोय. त्यो जाऊ दे, मग काढ."

ट्रक गेला. गाडी हळूच पुणे रोडला लागली. शोरूमची मंडळी आत पांगली. गोरक्षनाथच्या कपाळाला टोपीची कडक कड रुतत होती. पण मावशी मागच्या काचेतून वळून हात हलवत होत्या, म्हणून गाडी दिसेनाशी होईपर्यंत त्याने टोपी काढली नाही.