कणसरीची कथा टिपणारा टेपरेकॉर्डर

मित्रांनो, नाशिकमधल्या एका लोखंडी कपाटात पडून असलेला जुना टेपरेकॉर्डर म्हणजे मी. जन्मलो कारखान्यात, पण खरे काम मिळाले ते १९९४ साली. प्रतिभाताईंनी मला सुरगाण्याच्या एका पाड्यावर नेले. धर्माच्या अभ्यासात त्यांना डॉक्टरेट करायची होती. विषय होता कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची, कथा.

ती कथा मंगळूबाबा गात. त्यांचा एक नेम होता.

"जेवून आलेल्यानं ही ऐकायची नाय, बाई. देवी धान्यच हाय. तिलाच पोटात घालून तिच्यासमोर कसं बसायचं?"

ताईंनी उपास धरला. मग बाबांनी माझ्याकडे बोट केले. "अन् हा काय खातो?"

"सेल खातो."

"मग त्याला पोटभर दे. त्याला जलमभर ध्यानात ठेवायचंय."

सगळे हसले. मी कथा शेवटपर्यंत टिपली.

प्रयोगाची अट लिहावी तसा ताईंनी प्रबंधात उपासही लिहिला. तोंडी परीक्षेत तिथेच घोडे अडले.

"उपास केलात म्हणजे तुम्ही भाविक झालात," परीक्षक म्हणाले. "संशोधकाने काठावर उभे राहायचे. हा पुरावा कसा मानू?"

"काठावरून कथा मिळालीच नसती, सर," ताईंच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या.

"मग विषय बदलायचा होता."

"टेप ऐकता का?" ताईंनी विचारले.

"प्रश्न टेपचा नाही, पद्धतीचा आहे."

त्यांचा वाद जेवणाच्या वेळेपर्यंत चालला. माझे बटण कुणी दाबले नाही. प्रश्नावली करून माहिती पुन्हा जमवा, असा शेरा मारून प्रबंध परत पाठवला गेला.

ताई पुन्हा पाड्यावर गेल्या. 'तुम्ही कणसरीला मानता का? हो की नाही?' हा पहिलाच प्रश्न होता.

"आपण संगं उपाशी बसलो, अन् आता हे इचारते?" बाबा म्हणाले. "लिही तुला काय लिहायचं ते."

ताईंनी काहीच लिहिले नाही. प्रबंध तिथेच राहिला. त्या शिकवण्या घेऊ लागल्या आणि मी कपाटात गेलो.

पुढे बाबा वारले. त्यांचा मुलगा नाथा नाशिकजवळ द्राक्षाच्या मळ्यात कामाला आला होता, तो एका रविवारी ताईंचे घर शोधत आला.

"बाबाचा आवाज हाय ना तुमच्याकडं? कथा आता कोणालाच पुरी येत नाय."

ताईंनी मला पुसले, बटण दाबले. फीत बुरशीने चिकटली होती. थोडी खरखर झाली आणि ती तुटली. नाथा तरीही बराच वेळ कान देऊन बसून होता.

"असू द्या, ताई," शेवटी तो म्हणाला, आणि पाणी पिऊन गेला.

मित्रांनो, कसे ऐकावे यावर जरूर वाद घाला. पण त्याआधी एकदा ऐका, आणि एखादी प्रत करून ठेवा. निकाल लागेपर्यंत फीत थांबत नाही.