लाल पाण्याचा आळ

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे, पण नुसतं पाणी साठवून गप्प बसणारी नव्हे हं! मी पाणी गाळते. बाटल्या भरण्याच्या एका छोट्या कारखान्यात, विहिरीकडच्या भिंतीपाशी मी उभी असते. माझ्या निळ्या रंगाचे पोपडे निघालेत, पण पोटातली वाळू अजून ठणठणीत आहे. तरीही माझ्यावर जो आळ आला, त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

आधी माझं काम सांगते. आमच्या विहिरीच्या पाण्यात लोह विरघळलेलं आहे. ते इतकं लबाड, की दिसतच नाही. ताजं पाणी पेल्यात धरा, अगदी नितळ! हवा लागल्यावर काही वेळाने त्याचे तांबडे कण होतात. म्हणून माझ्या तोंडाशीच पाण्यात हवा सोडतात आणि झालेले कण मी वाळूत अडवून धरते. रोज सकाळी माझ्यातून उलटं पाणी सोडून मला धुतात. तेव्हा आदल्या दिवशी अडवलेलं सगळं लालभडक होऊन गटारात जातं.

कारखाना ताईचा. माझ्या पोटात वाळू भरली तीही तिनेच, घमेल्याघमेल्याने. कुणी पाहुणं आलं की माझ्या अंगावर थाप मारून म्हणायची, ही आहे म्हणून आपलं चाललंय. मी कशी फुलून जायचे!

पुढे गिऱ्हाईक आटत गेलं. कारखाना बंद पडायच्या बेताला आला, तेव्हा एका मोठ्या दवाखान्याने बाळंतिणींच्या खोल्यांसाठी पाणी मागितलं. तिथल्या मोठ्या सिस्टरने मात्र बजावलं होतं, पहिली गाडी चांगली आली तरच पुढचं बोलू. ताई बाटल्यांच्या आणि बुचांच्या मागे धावत होती. मला धुण्याचं काम तिने धाकट्या भावाकडे दिलं. तो नुकताच मदतीला आला होता.

भाऊ कामसू, पण भारी उतावळा. पहिल्याच सकाळी माझ्यातून लाल लोट निघाला आणि तो दचकून मागेच सरला. मग त्याने विहिरीच्या नळाचं पाणी पेल्यात धरून पाहिलं, तर ते नितळ! झालं, त्याने निकाल लावून टाकला. चांगलं पाणी आत जातं, लाल बाहेर येतं, म्हणजे टाकीच आतून गंजली.

मी थक्क झाले, मित्रांनो! जे मी अडवलं, ते माझ्याच माथी? अरे, जरा थांब तरी, कुणाला विचार तरी! पण मला कुठली वाचा? ताईच्या डोक्याला आणखी ताप नको म्हणून त्याने तिला काही सांगितलंही नाही. नळांच्या दोन चाव्या फिरवल्या आणि पाणी मला वळसा घालून थेट पुढे सोडलं. पुढच्या बारीक गाळण्यांना विरघळलेलं लोह कुठलं सापडायला? बाटल्या लखलखीत भरल्या. ताईने एक उजेडात धरून पाहिली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर स्वतः आली. तिने टेबलावर बाटली ठेवली. पाणी चहासारखं झालं होतं आणि तळाशी तांबडा गाळ बसला होता.

"हे मी बाळंतिणींना देऊ?"

ताईने बाटली उचलून उजेडात धरली. भाऊ पुढे झाला.

"ताई, मी पेल्यात पाहिलं होतं गं. अगदी स्वच्छ होतं."

"किती वेळ पाहिलंस?" ताईने विचारलं.

सिस्टर निघून गेली. ताई माझ्यापाशी आली, फिरवलेल्या चाव्या तिला दिसल्या आणि तिने त्या एकेक करून परत जागेवर आणल्या. ती भाऊवर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"ते लाल पाणी हिचं नव्हतं रे," ती म्हणाली. "विहिरीचं होतं."

दवाखान्याने पुन्हा पाणी मागवलं नाही. भरायचं यंत्र आता झाकून ठेवलंय. तरी भाऊ रोज सकाळी येतो, चाव्या उघडतो आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत मला धूत बसतो. मला त्याचा राग येतो आणि कीवही येते.

मित्रांनो, कुणाला धुताना मळ निघाला, तर तो त्याचाच असं लगेच धरून चालू नका. तो त्याने कुणासाठी अडवून धरला होता, एवढं तरी आधी विचारा.